पाहुणा काढल्यावर लाईट येईल

वायरमनची बायको म्हणून तिला कुणी ओळखत नसे. उलट वायरमनलाच लोक 'लाईटवहिनींचे मिस्टर' म्हणत. गाव आणि आसपासच्या चार वस्त्या मिळून साडेतीनशे घरं. त्यांतल्या कुठल्याही घरात वीज गेली, तरी कार्यालयाचा नंबर फिरवण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. तो नंबर लागलाच, तर 'आपण रांगेत आहात' असं सांगून गाणं ऐकवायचा. लाईटवहिनींचा फोन दुसऱ्या घंटेला उचलला जायचा आणि समोरून पहिलाच प्रश्न यायचा, "आवाज झाला का?"

हा प्रश्न विचारायला त्या बावीस वर्षांत शिकल्या होत्या. खांबावर चढणं सोडाच, घरातला बल्ब बदलायलाही त्यांना नवरा लागे. पण स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात झारा धरून, तीन किलोमीटरवरच्या तारेवर काय झालंय हे त्या बहुतेक वेळा बरोबर सांगत. फटाक्यासारखा एकच आवाज आणि मग सगळं बंद, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर खार चढली. आवाजानंतर कावळ्यांनी आकाश डोक्यावर घेतलंय, म्हणजे त्यांच्यातलाच एक गेला. फळबागेच्या बाजूला दिवेलागणीला वीज गेली तर वटवाघूळ दोन तारांत पंख अडकवून लटकलेलं असणार. आणि लाईट येते, लगेच जाते, पुन्हा येते, पुन्हा जाते असं असेल, तर साप. कारण खार आपली पडते खाली आणि मोकळी होते. साप मेला तरी वेटोळं सोडत नाही. तो काठीनं सोडवेपर्यंत लाईन उभी राहत नाही.

"अहो, लांबट आहे. काठी घेऊन जा," एवढं त्या सांगत. वायरमन काठी घेऊन जात. बाकीच्या विभागांतले वायरमन आधी तासभर खांब हुंगत फिरायचे, हे मात्र सरळ त्या जागी जाऊन सायकल लावायचे. साहेबलोक कौतुक करत. त्यात बायकोचा वाटा किती, हे वायरमननी कधी लपवलं नाही आणि कधी सांगितलंही नाही. माणूसच कमी बोलणारा. खांबावर चढला की खुलायचा. जमिनीवर त्याला विचारलं तेवढ्याचंच उत्तर मिळायचं.

घरात एक शब्द होता, 'पाहुणा'. तो लेकीमुळे आला. ती पाच वर्षांची असताना वायरमननी एकदा जेवताना सहज सांगितलं, आज खार जळाली. पोरीनं हातातला घास ताटात टाकला आणि दोन दिवस रडून घर भिजवलं. तिसऱ्या दिवशी बापानं घरात पाऊल टाकताच तिनं विचारलं, "आज कोण मेलं?" वायरमन दारातच थबकले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. लाईटवहिनी म्हणाल्या, "कुणी नाही गं. पाहुणा आला होता तारेवर. गेला आपल्या घरी." पोरीचं समाधान झालं. तेव्हापासून खार हा शेपटीवाला पाहुणा, कावळा काळा, वटवाघूळ उलटा आणि साप लांबट. लेक मोठी झाली, परिचारिका होऊन शहरात गेली, रोज माणसांचं मरण बघू लागली. शब्द मात्र घरातच राहिला. घरातून फोनवर गेला, फोनवरून गावात. "वहिनी, पाहुणा आलाय वाटतं," असं लोकच आधी सांगू लागले. पाहुणा काढल्यावर लाईट येईल, हे लहान पोरांनाही कळायचं.

कळलं नाही ते एका बाईंना.

त्या वर्षभरापूर्वी उतारावरच्या शेवटच्या घरात राहायला आल्या होत्या. एका मोठ्या कार्यालयात तीस वर्षं आवक-जावक सांभाळून, मुदतीआधी नोकरी सोडून आलेल्या. मागच्या खोलीत त्यांनी अंडी उबवायचं यंत्र बसवलं होतं, कपाटाएवढं, काचेच्या दाराचं. एका वेळी दोनशे चाळीस अंडी. एकवीस दिवस आत साडेसदतीस अंश राखायचे, म्हणजे पिल्लं. गावानं त्यांचं नाव ठेवलं 'उबवणीवाल्या बाई'. बोलायला मोजक्या, हिशोबाच्या वेळेला दार उघडणाऱ्या, आणि कुणाकडे उगाच न बसणाऱ्या. त्यामुळे गावचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचायला उशीर झाला.

थंडीतल्या एका सकाळी नऊ वाजता त्यांचा फोन आला. लाईट येते आणि जाते. चारदा झालं.

"कळलं," लाईटवहिनी म्हणाल्या. "पाहुणा आलाय. हे गेलेत तिकडेच. तो निघाला की लगेच लाईट."

बाईंनी फोन ठेवला. दहाला पुन्हा केला.

"अहो, पाहुणा हलायलाच तयार नाही. गुंडाळून बसलाय."

"थंडी आहे," बाई म्हणाल्या. "पण माझं यंत्र आहे."

"हो ना. आत्ताच काठी मागवलीय ह्यांनी."

यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती, हे लाईटवहिनींना नंतर आठवलं. तेव्हा त्यांच्या हातात दुसरा फोन वाजत होता. त्या दिवशी साप उपकेंद्राजवळच्या खांबावर होता, त्यामुळे मोठी लाईन बंद करायला वरून परवानगी लागली, आणि लाईट यायला दुपारचा एक वाजला.

पंधरा दिवसांनी वायरमनना साहेबांनी बोलावलं. साहेब नवे होते, महिनाभरापूर्वी आलेले. वायरमन संध्याकाळी घरी आले ते चप्पल न काढताच खुर्चीवर बसले. ते असे बसले की काहीतरी बिनसलंय, हे लाईटवहिनींना ठाऊक होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि गप्प राहिल्या. त्यांना बोलतं करायचा तोच एक मार्ग होता.

"माझी बदली करतायत," वायरमन म्हणाले. "शहरातल्या गोदामात. मीटर मोजायला."

"का?"

"पाहुणे येतात म्हणून."

"म्हणजे?"

"मला काय माहीत. साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे पाहुणे येतात का? म्हटलं, येतात की, आठवड्याला दोन-तीन तरी. ते म्हणाले, आणि त्यामुळे लाईट बंद राहते? म्हटलं, राहणारच, साहेब. पाहुणा असताना लाईन कशी चालू करणार?"

"मग?"

"मग म्हणाले, पाहुण्याला काठीनं काढता हे खरं का? म्हटलं, सगळ्यांना नाही. जो ऐकत नाही त्यालाच."

"अगं बाई."

"साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग विचारतात, घरच्यांची याला संमती असते? म्हटलं, काठी तीच पाठवते."

लाईटवहिनींना हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. वायरमननी खिशातून घडी केलेला कागद काढला. तक्रारीची प्रत. आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायचा, तो पटला नाही तर बदली. सेवेची तीन वर्षं राहिलेली. बावीस वर्षं ज्या माणसानं साडेतीनशे घरांच्या तारा तळहातासारख्या ओळखल्या, त्यानं गोदामात खोकी मोजत शेवट करायचा.

कागद सुबक अक्षरात होता, मुद्दे क्रमवार. 'सदर वायरमन यांचेकडे वारंवार पाहुणे येत असल्याने वीजपुरवठा बंद ठेवला जातो. त्यांच्या पत्नीस दूरध्वनीवर विचारणा केली असता, पाहुणा निघाल्यावरच वीज सुरू होईल असे सांगण्यात आले. तासाभराने, सदर पाहुणा गुंडाळून बसला असून त्यास काठीने काढण्यात येत असल्याचे सांगण्यात आले. पाहुण्यास मारहाण करणे हा त्यांचा कौटुंबिक प्रश्न असला तरी...'

इथवर लाईटवहिनी हसत होत्या. पुढचं वाक्य वाचून त्या खाली बसल्या. 'पाहुणा म्हणजे चहापाणी, अर्धा तास, असे समजून मी अंडी झाकली नाहीत व जनरेटरही मागवला नाही. एकोणिसावा दिवस होता. दोनशे चाळीसपैकी एकतीस पिल्ले निघाली.'

"हे माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"साप तू सोडलास का?"

"तुमचं आपलं काहीतरीच. मी सरळ म्हटलं असतं, साप आहे, चार तास लागतील, तर बाईंनी काहीतरी केलं असतं ना?"

वायरमननी बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा केला. मग म्हणाले, "खुलाशात काय लिहू? अज्ञात कारण लिहितो."

"तुम्ही काही लिहू नका. आधी मी जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उतारावर गेल्या. दार उघडलं गेलं, पण अर्धंच.

"मी वायरमनच्या घरची."

"आवाजावरून ओळखलं," बाई म्हणाल्या. "गेले का पाहुणे?"

"बाई, तो साप होता."

"कोण?"

"पाहुणा. त्या दिवशीचा."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नातेवाइकांना साप म्हणणारी बाई आपल्या दारात का आली असावी, असा तो चेहरा होता. लाईटवहिनींना ते कळलं आणि त्या घाईघाईनं सांगू लागल्या: खऱ्याखुऱ्या सापाबद्दल, खारीबद्दल, उलट्या पाहुण्याबद्दल, पाच वर्षांच्या लेकीबद्दल, तिनं टाकलेल्या घासाबद्दल. सांगता सांगता काय आधी आणि काय नंतर, याचा मेळ राहिला नाही. बाईंनी मध्येच दार पूर्ण उघडलं.

"म्हणजे मी लेखी दिलंय," त्या सावकाश म्हणाल्या, "की तुमचा नवरा पाहुण्यांना काठीनं मारतो."

"आणि ह्यांनी ते कबूल केलं."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी तो आवरायचा प्रयत्न केला. तीस वर्षं कार्यालयात काढलेल्या माणसाला आवरायची सवय असते. पण हे काही त्यांना आवरलं नाही. त्या दाराच्या चौकटीला टेकून, पदर तोंडाला लावून हसल्या, इतक्या की मागच्या खोलीतल्या पिंजऱ्यात कोंबड्या ओरडायला लागल्या.

लाईटवहिनी मात्र हसल्या नाहीत. "तुमची दोनशे नऊ अंडी गेली," त्या म्हणाल्या. "मला तेवढंच म्हणायचं होतं. बाकी साहेब काय करायचं ते करतील. पण ती माझ्या बोलण्यानं गेली."

बाईंचं हसू थांबलं. हा आकडा कुणी आपल्यासमोर असा मोजून म्हणेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. लोक म्हणायचे, अंडीच तर होती. त्यांनी लाईटवहिनींना आत बोलावलं, यंत्र दाखवलं, एक अंडं उजेडासमोर धरून आतल्या लाल शिरा दाखवल्या. मग चहा ठेवला.

"तक्रार मागे घ्याल का?" लाईटवहिनींनी कप हातात घेऊन विचारलं. हे विचारण्यासाठीच त्या आल्या होत्या, आणि आता ते विचारताना त्यांना लाज वाटत होती.

"नाही," बाई म्हणाल्या.

लाईटवहिनींनी कप खाली ठेवला.

"घ्या हो चहा. मागे घेतली की फाईल बंद होते. बंद फाईलकडे कुणी बघत नाही, हे मला विचारा. तीस वर्षं मीच बंद करत होते. शिवाय साहेबांच्या मनात तुमचा नवरा काठीवालाच राहील. मला सांगा, हे प्राणी तारेवर येऊ नयेत म्हणून काही करता येतं की नाही?"

"येतं. ट्रान्सफॉर्मरच्या वर त्या चिनीमातीच्या खुंट्या असतात ना, त्यांना टोपणं मिळतात. उघड्या तारांना रबरी नळ्या. हे अकरा वर्षं मागतायत."

"मग?"

"येणारा प्रत्येक साहेब म्हणतो, ग्राहकांची तक्रार कुठे आहे? सगळे फोन मलाच येतात. लेखी कुणी देतच नाही."

बाई एकदम ताठ बसल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्या आपल्या जुन्या टेबलाशी बसल्यासारख्या दिसल्या. "म्हणजे तुम्ही इतका चांगला फोन उचललात," त्या म्हणाल्या, "की कार्यालयाला कळलंच नाही इथे काही बिघडतं म्हणून."

बावीस वर्षांचे कष्ट कुणी असे उलटे करून दाखवेल, हे लाईटवहिनींच्या ध्यानीमनी नव्हतं. टोचलं. पण खोटं म्हणता येईना.

"पुरवणी पत्र देऊ," बाई म्हणाल्या आणि कागद ओढला. "माझ्या क्रमांकाच्या तक्रारीला जोडून. क्रमांक पडलेल्या तक्रारीला उत्तर द्यावंच लागतं. सांगा. गेल्या वर्षभरात कुठे, कधी, कोण आलं?"

लाईटवहिनी सांगत गेल्या. त्यांना तारखा लागत नव्हत्या. कुणाच्या घरी काय चाललं होतं यावरून त्यांना सगळं आठवे. पिठाच्या गिरणीवाल्याच्या मुलीची परीक्षा होती त्या दिवशी शेपटीवाला. शिंपीणबाईंच्या शिलाईयंत्रावर अर्धा झगा शिवून झाला होता तेव्हा काळा. बाई प्रत्येक वेळी लेखणी थांबवून विचारत, "म्हणजे खार?" आणि खार लिहीत. संध्याकाळपर्यंत चौऱ्याहत्तर झाले. शेवटी बाईंनी वाक्य घातलं: 'मूळ तक्रारीत 'पाहुणा' या शब्दाचा अर्थ माझ्याकडून चुकीचा लावला गेला. सदर वायरमन यांचेविषयी माझी कोणतीही तक्रार नसून, त्यांनी प्रत्येक वेळी धोका पत्करून काम केले आहे. प्राणी येऊ नयेत यासाठी उपाय करावा, ही विनंती.'

पत्र चारही वस्त्यांत फिरलं. चाळीस सह्या पडल्या. गिरणीवाला चेष्टेनं म्हणाला, "वहिनी, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे ना? मग दोनदा करतो सही."

सातव्या दिवशी साहेब स्वतः आले. आधी ट्रान्सफॉर्मर पाहिला. त्याच्या बुडाशी चार दिवसांपूर्वीची एक खार पडलेली होती, शेपूट जळालेली. साहेबांनी वाकून तिच्याकडे पाहिलं. मग वायरमनकडे वळले.

"हा पाहुणा?"

"हो."

"त्या दिवशी सांगता आलं नाही तुम्हाला?"

"तुम्ही विचारलं पाहुणे येतात का. मी सांगितलं."

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. घरी आले, पाणी प्यायले, आणि लाईटवहिनींना म्हणाले, "वहिनी, यापुढे लोकांना कार्यालयाचा क्रमांकही फिरवायला सांगा. तुम्ही फोन उचला, मी नको म्हणत नाही. पण तक्रार तिकडेही पडू द्या. आणि प्राण्याचं नाव घ्या. आणि वेळ खरी सांगा."

"सांगते," त्या म्हणाल्या. लेक आता पाच वर्षांची राहिली नव्हती.

दोन महिन्यांनी आदेश आला. अकरा ट्रान्सफॉर्मरना टोपणं आणि नळ्या. काम सदर वायरमन यांच्या देखरेखीखाली पूर्ण करावे, तोपर्यंत त्यांना याच विभागात ठेवावे. वायरमननी आदेश दोनदा वाचला. कार्यालयाच्या वेगानं अकरा ट्रान्सफॉर्मर म्हणजे निवृत्तीपर्यंतची सोय होती. "बाईंना पेढे नाही तरी काहीतरी दिलं पाहिजे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे आपणहून निघालं, याचंच लाईटवहिनींना नवल वाटलं.

पहिला ट्रान्सफॉर्मर उताराकडचा घेतला. त्यासाठी सकाळी दहा ते दोन लाईन बंद ठेवायची होती. लाईटवहिनींनी आदल्या दिवशी सकाळीच बाईंना फोन केला. "उद्या चार तास. कुणी आलेलं नाही. आमचेच हे चढणारेत."

"माझा अठरावा दिवस आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच मी येतेय."

घरातली सगळी पांघरुणं आणि गरम पाण्याच्या सात बाटल्या पिशव्यांत भरून त्या साडेनऊला तिथे होत्या. दहाला यंत्राचा पंखा थांबला. दोघींनी यंत्राला पांघरुणं लपेटली, बाटल्या आत ठेवल्या, आणि दर वीस मिनिटांनी थंड झालेली बाटली काढून नवी घातली. गॅसवर पातेलं उकळत राहिलं. खिडकीतून ट्रान्सफॉर्मर दिसत होता. वायरमन वर होते, आणि खालच्या दोघा मदतनिसांशी मोठमोठ्यानं बोलत होते, हसतही होते.

"एवढे बोलतात हे?" बाईंनी विचारलं.

"खाली उतरले की संपतं. मी लग्नानंतर वर्षभर समजत होते, माझ्यावर रुसलेत."

पावणेदोनला यंत्राचा काटा पस्तीस अंशांवर होता. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा काट्याकडे पाहिलं. "चौतीसच्या खाली गेलं असतं तर संपलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मागच्या वेळी एकटी होते मी. उशीर होतोय हे कळलं तेव्हा काय करावं तेच सुचलं नाही. तुम्ही आलात, फार बरं झालं."

"तुम्ही तक्रार केलीत, तेही," लाईटवहिनी म्हणाल्या. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. गेल्या काही दिवसांत त्या पुष्कळदा विचार करत होत्या, की बाई गप्प बसल्या असत्या आणि मनातल्या मनात शिव्या घालत दुसरीकडे निघून गेल्या असत्या, तर आपला नवरा निवृत्तीपर्यंत टोपणं मागत राहिला असता, आणि आपण फोन उचलत.

दोनला पाच कमी असताना यंत्राचा पंखा गुरगुरला आणि आतला दिवा लागला. बाई पांघरुणं उतरवू लागल्या. लाईटवहिनींचा फोन वाजला. खिडकीबाहेर, खांबाखाली, वायरमन कानाला फोन लावून घराकडे बघत उभे होते.

"आली का?" त्यांनी विचारलं.

लाईटवहिनींनी काट्याकडे पाहिलं. तो वर सरकत होता.

"आली," त्या म्हणाल्या. "सगळी जिवंत आहेत. या आता, जेवायला थांबलोय."